एका रेणूच्या जाडीची चादर

घरात खाद्यतेलाची नवी पिशवी आली की एकदा तिच्यावरची बारीक अक्षरे वाचून पाहा. वजन, किंमत, तारीख यांच्या आसपास कोठेतरी 'फेसप्रतिबंधक – आयएनएस ९००ए' अशा अर्थाची ओळ पुष्कळदा आढळते. हा '९००ए' म्हणजे सिलिकोन तेल. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल बियांतून निघते. हे तेल मात्र कारखान्यात तयार होते आणि त्याचा मूळ कच्चा माल असतो वाळूच्या जातीचा गारेचा दगड! खाद्यतेलात ते घालण्याची कमाल मर्यादा किलोला १० मिलिग्रॅम एवढीच आहे. पण तेवढ्याने तळणाच्या कढईतला फेस आवरतो.

हेच तेल मोटारींच्या कारखान्यातील रंगविभागात चुकून पोचले, तर मात्र हाहाकार उडतो. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर त्याचा सूक्ष्म कण पडला की त्याच्याभोवतीचा ओला रंग मागे सरतो आणि गोल खळगा तयार होतो. कारागीर त्याला 'फिश आय', म्हणजे माशाचा डोळा म्हणतात. असे डोळे उमटले की तो भाग घासून पुन्हा रंगवावा लागतो. म्हणून अशा अनेक विभागांत सिलिकोन असलेली केसांची व अंगाची प्रसाधने लावून येण्यास कामगारांना मनाई असते.

आता तिसरे उदाहरण घ्या. बेकरीतल्या पावाच्या साच्यांना आतून सिलिकोनचा थर दिलेला असला, तर भाजलेला पाव साचा उलटा करताच सुटून येतो. मोटारीच्या पुढच्या काचेवर सिलिकोनचा हात फिरवला, तर पावसाचे पाणी काचेवर पसरण्याऐवजी त्याचे गोल थेंब होऊन घरंगळतात.

या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की एक कोडे उभे राहते. हे तेल पाण्यावर, काचेवर, पत्र्यावर, इतकेच काय पण दुसऱ्या तेलावरही आपण होऊन पसरते. परंतु ते पसरून बसले की त्याच्यावर पाणी पसरत नाही, रंग बसत नाही आणि पावही चिकटत नाही. सगळ्यांच्या गळ्यात पडणारा, पण स्वतःच्या गळ्यात कोणालाही पडू न देणारा असा हा विक्षिप्त पाहुणा आहे. असे का व्हावे? त्याचे उत्तर पृष्ठभागावरच्या अगदी शेवटच्या, एका रेणूएवढ्या जाडीच्या थरात दडलेले आहे. तेथपर्यंत आपण पायरीपायरीने जाऊ.

चमचाभर तेल आणि एक तळे

पातळ थरांची ही गोष्ट सिलिकोनच्या कितीतरी आधी सुरू झाली. बेंजामिन फ्रँकलिन १७५७ साली जहाजातून प्रवास करीत होते. ताफ्यातल्या दोन जहाजांच्या मागचे पाणी इतरांच्या मानाने अगदी गुळगुळीत आहे, हे त्यांच्या ध्यानात आले. तेथल्या आचाऱ्यांनी तेलकट पाणी समुद्रात ओतले असावे, असे त्यांना सांगण्यात आले. फ्रँकलिन ही गोष्ट विसरले नाहीत. पुढे लंडनमध्ये राहत असताना ते आपल्या बांबूच्या काठीच्या पोकळ पेरात थोडे तेल भरून हिंडत आणि संधी मिळेल तेथे पाण्यावर टाकून पाहत. लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यावर त्यांनी असेच तेल ओतले. ते चमचाभरही नव्हते; पण पाहता पाहता सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे शांत झाले. १७७४ साली त्यांनी ही हकीगत प्रसिद्ध केली.

फ्रँकलिन यांनी एक साधा भागाकार केला नाही. तो आपण करू. चहाच्या चमच्यात सुमारे ५ घन सेंटिमीटर तेल मावते. अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर. घनफळाला क्षेत्रफळाने भागले की थराची जाडी मिळते. उत्तर येते २.५ नॅनोमीटर. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रेणूंचा आकार याच मापाचा असतो! रेणू खरोखरच असतात की नाहीत यावर शास्त्रज्ञांत वाद चालणार होता, त्याच्या शंभर वर्षे आधी रेणूची मोजपट्टी त्या तळ्यावर पसरलेली होती.

हा भागाकार लॉर्ड रॅले यांनी १८९० साली काळजीपूर्वक केला. त्यांनी ८४ सेंटिमीटर व्यासाच्या मोठ्या टबात पाणी घेतले आणि त्यावर ऑलिव्ह तेल टाकले. स्वच्छ पाण्यावर कापराचे तुकडे नाचतात, हे तुम्ही पाहिले असेल. तेलाचा थर पुरेसा झाला की हा नाच थांबतो. रॅले यांना त्यासाठी ०.८१ मिलिग्रॅम तेल पुरले. त्यावरून थराची जाडी आली सुमारे १.६ नॅनोमीटर.

स्वयंपाकघरातली प्रयोगशाळा

त्याच काळात जर्मनीतील ब्राउनश्वाइग गावी एक मुलगी हाच प्रश्न घेऊन बसली होती. तिचे नाव अ‍ॅग्नेस पॉकेल्स. जन्म १८६२चा. तिला भौतिकशास्त्र शिकायचे होते, पण त्या वेळी तिच्या देशात मुलींना विद्यापीठाची दारे बंद होती. घरी आईवडील आजारी. घरकाम आणि शुश्रूषा तिच्याच अंगावर. धाकटा भाऊ विद्यापीठात शिकत होता. त्याच्याकडून पुस्तके मिळत, तेवढाच तिचा अभ्यास.

भांड्यातल्या पाण्यावर येणारा तेलकट तवंग रोजच दृष्टीस पडणारा. अ‍ॅग्नेसने पत्र्याचे एक उथळ, लांबट पात्र घेतले, ते पाण्याने काठोकाठ भरले आणि त्यावर पत्र्याची एक पट्टी आडवी टेकवली. पट्टी सरकवली की तवंगाला उपलब्ध असलेली जागा कमीजास्त करता येई. पाण्याचा पृष्ठताण मोजण्यासाठी तिने एक छोटी तबकडी पाण्याला टेकवली आणि ती वर ओढून काढण्यास किती जोर लागतो हे तराजूने मोजले. तिला एक विलक्षण गोष्ट दिसली. पट्टी सरकवत तवंगाची जागा कमी करीत गेले तरी बराच वेळ पृष्ठताणात काही फरक पडत नाही. एका ठरावीक क्षेत्रफळाशी मात्र तो एकदम उतरू लागतो. जणू सुटे सुटे उभे असलेले लोक तेथे येऊन एकमेकांच्या खांद्याला खांदा लावतात.

जानेवारी १८९१मध्ये तिने लॉर्ड रॅले यांना जर्मन भाषेत पत्र लिहून आपले प्रयोग कळवले. रॅले यांच्या पत्नीने त्याचे भाषांतर केले. रॅले मोठ्या मनाचे. त्यांनी ते पत्र 'नेचर' या नियतकालिकाकडे पाठवले आणि मार्चमध्ये ते छापून आले. पॉकेल्स तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या. १८९९ साली रॅले यांनी असा तर्क मांडला की हा थर केवळ एका रेणूच्या जाडीचा असावा. पॉकेल्स यांच्या पात्रात सुधारणा करून अमेरिकेतील अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९१७ साली रेणूंची मापे काढली. पृष्ठभागावरील संशोधनासाठी त्यांना १९३२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठाने पॉकेल्स यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते.

नकोशा गोंदातून निघालेले रत्न

आता आपल्या पाहुण्याकडे वळू. येथे एक नावाचा घोटाळा आधी दूर केला पाहिजे. सिलिकॉन हे मूलद्रव्य आहे. वाळूत ते ऑक्सिजनशी जोडलेले असते आणि संगणकाच्या चिप्स त्याच्याच बनतात. सिलिकोन हे मात्र एक बहुवारिक आहे, म्हणजे एकच एकक शेकडो वेळा जोडून झालेला साखळीसारखा लांब रेणू. शेवटच्या अक्षरापूर्वीच्या एका मात्रेचा फरक. पण परीक्षेत आणि व्यवहारातही तो महाग पडतो.

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग हे रसायनशास्त्रज्ञ १८९९च्या सुमारास सिलिकॉनच्या कार्बनी संयुगांवर काम करू लागले. सुमारे चाळीस वर्षे त्यांनी हा विषय सोडला नाही. 'सिलिकोन' हे नावही त्यांचेच. त्यांना हवे होते शुद्ध, स्फटिकरूप पदार्थ. पण प्रयोगाच्या शेवटी भांड्याच्या तळाशी पुष्कळदा चिकट, गोंदासारखा चिखल उरे. तो त्यांना नकोसा वाटे. कारकिर्दीच्या अखेरीस, १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात, या शाखेतून नजीकच्या काळात काही महत्त्वाचे निघेल अशी आशा दिसत नाही, असे मत त्यांनी नोंदवले.

तो नकोसा चिखलच सिलिकोन बहुवारिक होता! अवघ्या तीन वर्षांत चित्र पालटले. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत यूजीन रोकॉव्ह यांनी १९४० साली एक सोपी रीत शोधली. सिलिकॉनच्या भुकटीत तांबे हे उत्प्रेरक मिसळून सुमारे ३०० अंश सेल्सियसला तापवायचे आणि त्यावरून मिथिल क्लोराइड वायू सोडायचा. जो द्रव मिळतो त्याची पाण्याशी क्रिया केली की सिलिकोनच्या साखळ्या तयार होतात. आजही मोठे कारखाने मूलतः हीच रीत वापरतात. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांतील विजेच्या जोडण्या ओलाव्यापासून राखण्यासाठी सिलिकोनचा लेप वापरला गेला आणि या पदार्थाचा जम बसला.

दोन तोंडांचा रेणू

सिलिकोन तेलाच्या रेणूचा कणा असा असतो : सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन... प्रत्येक सिलिकॉनला दोन बाजूंना दोन मिथिल गट. मिथिल गट म्हणजे एक कार्बन आणि त्याला जडलेले तीन हायड्रोजन. मक्याचे कणीस डोळ्यांपुढे आणा. आतला दांडा सिलिकॉन-ऑक्सिजनचा आणि बाहेरचे दाणे मिथिल गटांचे.

या रचनेतून तीन गोष्टी निघतात.

पहिली म्हणजे कण्यातल्या ऑक्सिजनला पाणी, काच, धातूंवरील ऑक्साइड यांचे थोडेफार आकर्षण असते.

दुसरी म्हणजे मिथिल गट अत्यंत अलिप्त असतात. शेजाऱ्यांना ते फारच दुबळेपणाने ओढतात. म्हणून सिलिकोन तेलाचा पृष्ठताण अगदी कमी असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हा कणा कमालीचा लवचीक असतो. सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा लांब असतो. शिवाय ऑक्सिजनपाशी होणारा कोनही ऐसपैस, सुमारे १४० ते १५० अंशांचा असतो. त्यामुळे साखळीच्या कड्या एकमेकींभोवती सहज फिरतात. शेकडो कड्यांची कार्बनची साखळी म्हणजे पॉलिथीनच्या जातीचा घट्ट पदार्थ. तेवढ्याच कड्यांचे सिलिकोन मात्र वाहते तेल असते. शून्याखाली सुमारे १२५ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावे, तेव्हा कोठे या साखळ्यांची वळवळ थिजते.

म्हणजे हा रेणू दोन तोंडांचा आहे आणि हवे ते तोंड हव्या त्या बाजूला वळवण्याइतका चपळही आहे. पाणी दिसले की ऑक्सिजन खाली करतो आणि मिथिल गट वर, हवेकडे.

पसरायचे की नाही?

एखादे तेल पाण्यावर पसरेल की गोळा होऊन राहील, हे तीन ताणांच्या रस्सीखेचीवर ठरते. पाण्याचा पृष्ठताण थेंबाची कडा बाहेर ओढतो. तेलाचा स्वतःचा पृष्ठताण आणि तेल व पाणी यांच्या सीमेवरचा ताण हे दोघे मिळून ती आत ओढतात. बाहेरच्या ओढीतून आतली ओढ वजा केली की जे उरते त्याला पसरण-गुणांक म्हणू. तो धन असेल तर तेल पसरते, ऋण असेल तर थेंब तसाच राहतो.

प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. सर्व आकडे डाइन प्रति सेंटिमीटर या एककात आणि स्थूलमानाने दिले आहेत. पाण्याचा पृष्ठताण ७२. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा सुमारे ३० आणि त्याच्या व पाण्याच्या सीमेवरचा सुमारे ५०. म्हणून ७२ – (३० + ५०) = उणे ८. पॅराफिन पसरत नाही. सिलिकोन तेलाचा पृष्ठताण सुमारे २१ आणि पाण्याशी सीमेवरचा ताण सुमारे ४१. म्हणून ७२ – (२१ + ४१) = अधिक १०. सिलिकोन पसरते!

आता आपले कोडे अर्धे सुटले. ज्याचा पृष्ठताण कमी, तो द्रव अधिक ताणाच्या पृष्ठभागावर पसरतो. सिलिकोनचा ताण इतका कमी आहे की बहुतेक साऱ्या वस्तू त्याच्यापुढे 'अधिक ताणाच्या' ठरतात. पण त्याची चादर अंथरली गेली की वरच्या बाजूला उरतात ते केवळ अलिप्त मिथिल गट. आता याच्यावर पसरायचे, तर येणाऱ्या द्रवाचा ताण २१हूनही कमी हवा. पाण्याचा ७२. ते कसले पसरते! त्याचा थेंब गोल होऊन बसतो. रंग आणि पाव यांचीही तीच कथा. म्हणजे सर्वत्र पसरणे आणि कोणालाही चिकटू न देणे हे दोन विरुद्ध गुण नव्हेतच. एकाच गुणाच्या त्या दोन बाजू आहेत.

पाण्यावरची चादर

पॉकेल्स यांच्यासारखे पात्र घेऊन त्यात सिलिकोनचा थर दाबत गेले तर काय होते? थर विरळ असेपर्यंत पृष्ठताणात बदल होत नाही. दर चौरस मीटरला सुमारे ०.७५ मिलिग्रॅम एवढे सिलिकोन झाले की ताण झपाट्याने उतरतो. तेथे चादर पुरी विणली गेली. सिलिकोनची घनता सुमारे ०.९७ धरली, तर या चादरीची जाडी येते ०.७७ नॅनोमीटर. साखळी पाण्यावर आडवी निजली असता जेवढी जाड असावी तेवढीच!

या हिशोबाने ९१.४ मीटर लांब आणि ५५ मीटर रुंद अशा हॉकीच्या मैदानाएवढे पाणी झाकायला ४ ग्रॅमहूनही कमी सिलिकोन पुरेल. फ्रँकलिन यांचा चमचा पुन्हा आठवला ना?

थर आणखी दाबला तर? १९४७ साली अमेरिकेतील फॉक्स, टेलर आणि झिस्मन या संशोधकांनी असे सुचवले की आडव्या साखळ्या स्प्रिंगसारख्या वळ्या घेत असाव्यात. हे चित्र सुंदर होते आणि बरीच वर्षे पाठ्यपुस्तकांत टिकले. पुढे प्रकाशाच्या साहाय्याने अधिक बारीक मोजमापे झाली, तेव्हा वळ्यांपेक्षा साखळ्या एकावर एक थरांनी रचल्या जातात या कल्पनेकडे संशोधकांचा कल झाला. विज्ञानात सुंदर चित्रालाही पुन्हा पुन्हा परीक्षेला बसावे लागते, ते असे.

काचेवरच्या पायऱ्या

पाण्यावर सिलिकोन क्षणात पसरते. काचेसारख्या घन पृष्ठभागावर मात्र ते फार सावकाश चालते. १९७९ साली टॅनर यांनी सिलिकोन तेलाचे छोटे थेंब पसरताना मोजले आणि एक नियम सांगितला : थेंबाची त्रिज्या काळाच्या दहाव्या मुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ असा की त्रिज्या दुप्पट व्हायला दोनाचा दहावा घात, म्हणजे १,०२४ पट काळ लागतो. एका मिनिटाला थेंब १ सेंटिमीटरचा असेल, तर २ सेंटिमीटरचा व्हायला सुमारे सतरा तास आणि ४ सेंटिमीटरचा व्हायला जवळजवळ दोन वर्षे!

इतकी दिरंगाई का? थेंब चपटा होत जातो तशी त्याची कडा पाचरीसारखी निमुळती होते आणि त्या अरुंद पाचरीत द्रवाचे अंतर्गत घर्षण फार वाढते. त्यातही गंमत आहे. पसरण-गुणांक मोठा असला तरी दिसणारा थेंब लवकर पसरत नाही. मग ती जास्तीची ओढ जाते कोठे? थेंबाच्या दिसणाऱ्या कडेच्याही पुढे एक अदृश्य, अतिपातळ थर सरकत असतो. त्याची चाहूल विल्यम हार्डी यांना १९१९ सालीच लागली होती. जास्तीची सारी ओढ या अग्रदूत थरात खर्ची पडते, हे फ्रान्सचे प्येर-जिल द जेन यांनी १९८५ साली उलगडून दाखवले. पुढे १९९१ साली त्यांना भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा अग्रदूत थर कसा दिसतो? पॅरिसमधील हेस्लो, फ्रेस आणि काझाबा या संशोधकांनी सिलिकॉनच्या आरशासारख्या चकतीवर सिलिकोन तेलाचा सूक्ष्म थेंब ठेवला आणि ध्रुवित प्रकाशाने त्याची जाडी जागोजागी मोजली. १९८९ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. थेंबाची कड उतरणीसारखी नव्हती. तिला पायऱ्या होत्या! सह्याद्रीत अग्निजन्य खडकाचे थर एकाखाली एक पायऱ्यांसारखे दिसतात ना, अगदी तशा. आणि प्रत्येक पायरीची उंची? सुमारे ०.७ नॅनोमीटर.

हा आकडा ओळखीचा वाटतो? पाण्यावरच्या चादरीची जाडीही जवळजवळ हीच होती. एकीकडे पाणी, पात्र आणि तराजू. दुसरीकडे घन चकती आणि प्रकाशकिरण. रीती सर्वस्वी वेगळ्या, पण उत्तर एक. दोन वेगळे साक्षीदार एकच हकीगत सांगतात, तेव्हा तिच्यावर विश्वास बसतो. रेणू डोळ्यांना न दाखवताही त्याची जाडी अशी पक्की झाली.

चादरीचे उपयोग

आता कढईकडे परत येऊ. फेसाचा बुडबुडा म्हणजे द्रवाची पातळ भिंत. सिलिकोनचा सूक्ष्म थेंब या भिंतीच्या पृष्ठभागी आला की झपाट्याने पसरतो आणि पसरताना खालच्या द्रवालाही आपल्याबरोबर ओढून नेतो. भिंत तेथे पातळ होते आणि बुडबुडा फुटतो. मात्रा किती थोडी लागते पाहा. कढई ३० सेंटिमीटर व्यासाची असली, तर तिच्यातील तेलाचे तोंड भरते ०.०७ चौरस मीटर. चादरीची जाडी पाण्यावरच्याइतकीच धरली, तर सिलिकोन लागेल अवघे ०.०५ मिलिग्रॅम. किलोला १० मिलिग्रॅम ही मर्यादा मग तुटपुंजी वाटणार नाही. पोटातील वायूवर डॉक्टर जी औषधे देतात त्यांतल्या काहींमध्येही सिलिकोन हेच बुडबुडे फोडण्याचे काम करते.

रंगविभागातला माशाचा डोळाही याच कारणाने उमटतो. ओल्या रंगाचा ताण अधिक आणि सिलिकोनच्या कणाचा कमी. कण पसरतो, रंगाला बाहेर ओढतो आणि मध्ये खळगा उरतो. तोच गुण कढईत उपकारक आणि पत्र्यावर उपद्रवी.

डासांशी लढण्यासाठीही या चादरीचा उपयोग होतो. क्यूलेक्स आणि एडिस जातींच्या डासांच्या अळ्या श्वासनळीचे टोक पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून लोंबकळतात आणि हवा घेतात. पाण्यावर योग्य तो पातळ थर पसरला तर पृष्ठताण उतरतो, अळ्यांचा आधार सुटतो आणि त्या गुदमरतात. पूर्वी यासाठी डबक्यांवर खनिज तेल शिंपडत. आता काही ठिकाणी सिलिकोनवर आधारलेले द्रव वापरतात. येथे विषाने नव्हे, तर आधार काढून घेऊन अळी मारली जाते.

सिलिकोनची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जो पदार्थ सहजासहजी कशाशी क्रिया करीत नाही, तो सहजासहजी नाहीसाही होत नाही. लांब साखळ्यांचे तेल मातीत, विशेषतः चिकणमातीच्या संपर्कात, हळूहळू तुटते. परंतु सिलिकोनचे काही लहान, वलयाकार रेणू निसर्गात रेंगाळतात. म्हणून धुऊन टाकण्याच्या प्रसाधनांत अशा दोन संयुगांचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत ठेवावे, असा नियम युरोपीय संघात २०२० सालापासून लागू आहे.

करून पाहा

पहिला प्रयोग : एक मोठी परात साबणाने घासा आणि साबणाचा अंशही उरणार नाही अशी भरपूर पाण्याने धुवा. तिच्यात स्वच्छ पाणी भरा. कागदाची पट्टी पाण्यावरून एका कडेपासून दुसरीकडे ओढून पृष्ठभाग पुसून घ्या. मग शाळेच्या प्रयोगशाळेतील लायकोपोडियमची पूड अगदी विरळ भुरभुरा. बारीक तारेच्या टोकावर खाद्यतेलाचा अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा थेंब घ्या. भिंग आणि मोजपट्टी यांनी तो मापा. थेंब पाण्याला टेकवताच पूड मागे सरून स्वच्छ गोल तयार होईल. त्याचा व्यास मोजा. थेंबाच्या घनफळाला गोलाच्या क्षेत्रफळाने भागा. गोल २० सेंटिमीटर व्यासाचा भरला, तर जाडी येईल २.१ नॅनोमीटर. तुमचे उत्तर किती आले ते वहीत लिहा आणि तीनदा तरी प्रयोग करून सरासरी काढा.

दुसरा प्रयोग : तोच प्रयोग लिक्विड पॅराफिनचा थेंब घेऊन करा. पूड किती सरकते? पसरण-गुणांकाचे गणित आठवून कारण लिहा.

तिसरा प्रयोग : काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या घ्या. घरी केसांना लावण्याचे सीरम असेल तर त्याच्या वेष्टनावर 'डायमेथिकोन' हा शब्द शोधा. ते सिलिकोनच होय. एका पट्टीवर त्याचे बोट फिरवून ती मऊ कापडाने पुसून काढा. दोन्ही पट्ट्यांवर पाण्याचा एकेक थेंब ठेवा आणि बाजूने पाहा. नंतर पट्ट्या तिरप्या करा. पुसून काढल्यावरही उरलेली ती न दिसणारी चादर तुम्हांला 'दिसेल'.

पहिल्या प्रयोगात तुमचे उत्तर दोनतीन वेळा तरी चुकेल. बहुधा परात पुरती स्वच्छ नसेल किंवा बोटाचा तेलकटपणा पाण्यात उतरला असेल. निराश होऊ नका. पृष्ठभाग पट्टीने पुसून स्वच्छ करण्याची युक्ती अ‍ॅग्नेस पॉकेल्स यांनीच शोधली, आणि ती याच अडचणीतून. त्यांच्याजवळ होते एक पत्र्याचे पात्र, एक पट्टी, एक तराजू आणि घरकामातून वाचवलेला वेळ. तुमच्याजवळ परात आहेच. तेवढी ती आईकडून मागून घ्या, आणि काम झाल्यावर घासून परत द्या!